राख काढणारे हात

वाचक भगिनीचं पत्र, थोडं संक्षिप्त करून:

"ताई, सलाम. मी ४४ वर्षांची आहे. पिंपरीत आमचं दोन खोल्यांचं घर आहे. पहाटे साडेचारला उठते, कारण साडेसातपर्यंत २२ डबे निघायला हवेत. मिस्टर कंपनीत शिफ्टला असतात, मुलगी बारावीला आहे. सासूबाईंना तीन वर्षांपूर्वी अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली आणि बोलणंही जवळजवळ गेलं. त्यांचं सगळं अंथरुणातच असतं. कूस बदलायची, पुसून घ्यायचं, थेरपीवाल्यांनी सांगितल्याप्रमाणे रोज संध्याकाळी उजव्या हातापायाला तेल चोळायचं, हे सारं माझ्याकडे. दोन दीर आहेत, ते सणाला येऊन बघून जातात.

१९ वर्षांची असताना युवक शिबिरात मी पुढे जाऊन प्रभूला जीवन समर्पित केलं होतं. बायबल कॉलेजला जायचं होतं. लग्न झालं आणि ते राहून गेलं. गेल्या महिन्यात महिला मंडळात पाहुण्या उपदेशक बाई म्हणाल्या, 'देवाला उरलंसुरलं देऊ नका.' घरी येऊन मी रडले. माझ्याकडे उरलंसुरलंसुद्धा नसतं. रात्री गुडघे टेकले की तिथेच झोप लागते. यंदा वर्षभरात बायबल वाचायचं ठरवलं होतं, ते लेवीयच्या आठव्या अध्यायावर अडकलंय. अहरोनाच्या कानाला रक्त, अंगठ्याला रक्त. यातून मला काय मिळायचं? आणि खरं विचारायचं तर, माझ्या समर्पणाचं काय झालं?"

प्रिय भगिनी, सलाम.

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. एक प्रश्न लेवीयचा आणि एक स्वतःचा, असे दोन प्रश्न विचारल्यासारखं तुम्हाला वाटतंय. मला तो एकच दिसतो. तुम्ही नेमक्या जागी अडकला आहात, म्हणून नवव्या अध्यायाची घाई नको. थोडं इथेच बसू.

आठव्या अध्यायात काय घडतं ते डोळ्यांपुढे आणा. दर्शनमंडपाच्या, म्हणजे देवाच्या उपासनेच्या तंबूच्या, दारापाशी सगळी मंडळी जमली आहे. मोशे आपल्या भावाला, अहरोनाला, आणि त्याच्या मुलांना याजक म्हणजे देवापुढे अर्पणं करणारे सेवक नेमण्यासाठी पुढे आणतो, पाण्याने धुतो. अहरोनाला अंगरखा, झगा, एफोद हे याजकाचं वरचं वस्त्र, बारा रत्नांचा ऊरपट घालतो, डोक्याला मंदिल बांधतो आणि मंदिलावर सोन्याची पट्टी लावतो. 'परमेश्वरासाठी पवित्र' असं त्या पट्टीवर कोरायला आधीच्या निर्गम पुस्तकात सांगितलं होतं. मग डोक्यावर अभिषेकाचं तेल. मग पापार्पणाचा गोऱ्हा, होमार्पणाचा मेंढा. एवढं सगळं झाल्यावर आणखी एक मेंढा आणतात आणि त्याचं रक्त मोशे अहरोनाच्या उजव्या कानाच्या पाळीला, उजव्या हाताच्या अंगठ्याला आणि उजव्या पायाच्या अंगठ्याला लावतो.

शब्बाथशाळेत हा भाग शिकवायचे तेव्हा मुलं तोंड वाकडं करायची. मी त्यांना सांगायचे, हाताचा अंगठा तळव्यात दुमडून धरा आणि आता पेन्सिल उचलून लिहून दाखवा. तुम्ही अंगठा न वापरता एक पोळी लाटून बघा, म्हणजे कळेल. शास्ते पुस्तकाच्या पहिल्याच अध्यायात अदोनी-बेजेक नावाचा राजा सांगतो की हातापायांचे अंगठे तोडलेले सत्तर राजे माझ्या मेजाखाली तुकडे वेचत असत. हाताचा अंगठा गेला की शस्त्र धरता येत नाही, पायाचा गेला की धड पळता येत नाही. त्या काळच्या माणसाला हे पक्कं ठाऊक होतं.

म्हणजे कपाळावर सोनं आहे खरं, पण रक्त लागलं ते ऐकणाऱ्या, धरणाऱ्या आणि चालणाऱ्या अवयवांना. अहरोनाला त्या क्षणी काय वाटलं, त्याचे डोळे भरून आले का, याबद्दल अध्यायात एक शब्द नाही. तुमच्या शिबिरातली ती रात्र मोलाची आहे, ती मी तुमच्याकडून काढून घेत नाही. पण समर्पण त्या रात्रीच्या आसवांपाशीच थांबलं, पुढे हातापायांपर्यंत आलंच नाही, असं तुम्ही धरून चालला आहात. तिथे मला तुमच्याशी भांडायचं आहे.

याजकाच्या दीक्षेला इब्री भाषेत एक शब्द आहे, मिल्लुईम. त्याचा अर्थ 'भरणं'. एखाद्याला याजक नेमणं म्हणजे 'त्याचा हात भरणं'. आणि आठव्या अध्यायात ते अक्षरशः होतं. मोशे टोपलीतून एक बेखमीर पोळी, एक तेलाची पोळी आणि एक पापडी घेतो, मेंढ्याच्या चरबीवर आणि उजव्या मांडीवर ठेवतो, आणि ते सगळं अहरोनाच्या व त्याच्या मुलांच्या हातांवर देतो. मग ते परमेश्वरासमोर ओवाळलं जातं. आपल्या मराठी बायबलात ओवाळणे हाच शब्द आहे, आणि ज्यांनी तो निवडला त्यांचे मी मनातल्या मनात नेहमी आभार मानते. औक्षणाचं तबक हातात धरलेली बाई आपल्याला लगेच दिसते.

पण आता हे बघा. अहरोन आपल्या घरून काही घेऊन आला नव्हता. त्याने अर्पण काय करायचं ते त्याच्या हातात दुसऱ्याने ठेवलं. १९ व्या वर्षी तुम्हाला वाटलं की आपण देवाच्या हातात काहीतरी ठेवतोय, आणि ते त्याने घेतलं नाही, बायबल कॉलेज राहिलं. इथे क्रम उलटा आहे. हात आधी भरला जातो, मग वर उचलला जातो. तुमचे हात गेली पंचवीस वर्षं भरलेले आहेत. कधीतरी ते रिकामे होतील, मग देवासाठी काही करू, अशी वाट बघत तुम्ही थकलात.

यात एक धोका आहे, तो आत्ताच सांगते. तुमच्या वाट्याला आलेली प्रत्येक गोष्ट देवाने तुमच्या हातावर ठेवली असं मी म्हणत नाही. दीर मदतीला येत नाहीत, ते देवाने ठेवलेलं नाही. त्याकडे मी वळणारच आहे.

आधी तुमची पहाट. वेदीवरचा अग्नी सतत जळत ठेवावा, विझू देऊ नये, असं लेवीयच्या सहाव्या अध्यायात सांगितलंय. पण त्याच्या आधीच्या ओळींकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. याजकाचं सकाळचं पहिलं काम कोणतं? रात्रभर जळलेल्या होमाची राख काढणं. तागाची वस्त्रं घालून ती राख वेदीच्या बाजूला काढायची, मग कपडे बदलून छावणीबाहेर स्वच्छ जागी नेऊन टाकायची, आणि नंतर वेदीवर लाकडं रचायची. माझ्या आजीची चूल ज्यांनी पाहिली असेल त्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. रात्री ती निखारा राखेत पुरून ठेवायची आणि सकाळी आधी राख उपसायची. राख साचली की विस्तव गुदमरतो, वर कितीही सरपण घाला.

पुढे यरुशलेमेच्या मंदिरात हे काम कसं चालायचं त्याचं वर्णन मिश्ना या यहुदी परंपरेच्या जुन्या संग्रहात आहे. तरुण याजकांना राख काढण्याची इतकी हौस होती की ते वेदीच्या उतारावरून धावत वर जायचे. जो पुढे असेल त्याला काम मिळायचं. एकदा दोघे बरोबरीने धावले, एकाने दुसऱ्याला ढकललं, त्याचा पाय मोडला, आणि तेव्हापासून चिठ्ठ्या टाकायची पद्धत पडली. राख काढायला मिळावी म्हणून चिठ्ठ्या! ज्याची चिठ्ठी निघेल तो अंधारात एकटा जायचा. त्याच्याबरोबर कुणी जायचं नाही, हातात दिवा नसायचा, वेदीतल्या विस्तवाच्या उजेडात तो चालायचा. बाकीच्यांना तो दिसायचा नाही. गंगाळाचं पाणी काढायच्या लाकडी चाकाचा आवाज आला की त्यांना कळायचं, तो हातपाय धुतोय. मग चांदीच्या पात्रात तो निखाऱ्यांची राख घ्यायचा.

साडेचारला तुमच्या स्वयंपाकघरात दिवा लागतो तेव्हा शेजारच्यांना तुम्ही दिसत नाही. नळाचा आवाज तेवढा ऐकू येत असेल.

राख म्हणजे तुमच्या दिवसातली कुठली गोष्ट, हे ओढूनताणून जुळवायची मला हौस नाही. पण दोन गोष्टी मला खऱ्या वाटतात. एक सरळ आहे. सासूबाईंची रात्रीची चादर, भांडं, ओला कपडा, हे तुमचं दिवसातलं पहिलं काम असणार, आणि 'हे सगळं उरकलं की मग देवाचं' असं तुम्ही मनात म्हणत असणार. याजकाच्या वेळापत्रकात ते उरकण्याचं काम हीच सेवेची पहिली ओळ होती. तागाच्या पवित्र वस्त्रांतच ती राख काढायची होती, जुनेर नेसून नव्हे.

दुसरी गोष्ट तुमच्या पत्राच्या सुरात आहे. काल कुणी काय बोललं, दिरांनी फोन केला नाही, त्या बाईंचं ते एक वाक्य, शिबिरातलं अपुरं राहिलेलं वचन. ही कालची राख आहे. तिच्यावर रोज नवीन लाकडं रचून तुम्ही विचारता, विस्तव का धरत नाही? ती प्रभूपुढे नावानिशी बोलून बाहेर काढा. अर्ध्या मिनिटात होतं, कणीक मळतानाही होतं. आणि राख काढली म्हणून आपण शुद्ध होतो असं नाही, हेही लक्षात ठेवा. इब्री लोकांस पत्राच्या दहाव्या अध्यायात एक सुंदर फरक दाखवलाय: प्रत्येक याजक रोज उभा राहून तेच ते यज्ञ करत राहतो, पण ख्रिस्त पापांसाठी एकच यज्ञ सर्वकाळासाठी अर्पून देवाच्या उजवीकडे बसला. उभं राहायचं काम त्याने संपवलं. तुमच्या २२ डब्यांनी कुठलंही पाप फेडायचं राहिलेलं नाही. तेराव्या अध्यायात आपल्यासाठी जे उरलंय ते एवढंच: स्तुतीचा यज्ञ, आणि चांगलं करायला व दुसऱ्याला द्यायला विसरू नका, अशा यज्ञांनी देवाला संतोष होतो.

आता त्या 'उरल्यासुरल्या'बद्दल. पाहुण्या बाई चुकीचं बोलल्या असं मी म्हणणार नाही. मलाखीच्या पहिल्या अध्यायात देव रागावलाय तो आंधळं, लंगडं, आजारी जनावर वेदीवर आणणाऱ्यांवर. त्यांच्या कळपात धडधाकट नर होता आणि तो त्यांनी घरी ठेवला. ज्याच्याकडे कळप आहे त्याने तो उपदेश ऐकावा. ज्याच्याकडे कळपच नाही त्याच्यासाठी लेवीयचा पाचवा अध्याय आहे. मेंढरू परवडत नसेल तर दोन होले किंवा पारव्यांची दोन पिलं आणा. तेही परवडत नसेल तर थोडं सपीठ आणा, एफा या मापाचा दहावा हिस्सा. त्यावर तेल नको, धूप नको. देवाने आपल्याच नियमशास्त्रात गरिबासाठी पायऱ्या करून ठेवल्या. बाळ येशूला घेऊन मरिया मंदिरात आली ती दुसऱ्या पायरीवर होती, दोन पक्ष्यांच्या. लूकने ते मुद्दाम लिहून ठेवलंय. आणि तुम्ही रोज पहाटे पिठाच्या डब्यात हात घालता, तेव्हा तिसरी पायरी तर तुमच्या हाताशीच आहे.

लेवीयचा दुसरा अध्याय तुम्ही झपाट्याने वाचून पुढे गेला असाल. परत जा. अन्नार्पणाचे प्रकार वाचा: भट्टीत भाजलेलं, तव्यावरचं, कढईतलं. देवाच्या शास्त्रात तवा आणि कढई नावानिशी आहेत. आणि कुठलंही अन्नार्पण मिठावाचून नको असंही आहे. भाजीत मीठ घालताना मला हे वचन अनेक वर्षं आठवत आलंय, आणि आता ते आठवल्याशिवाय मीठच पडत नाही.

ती सोन्याची पट्टी विसरू नका, 'परमेश्वरासाठी पवित्र'. हे शब्द वर्षानुवर्षं एकाच माणसाच्या कपाळावर होते. मग जखऱ्या संदेष्टा शेवटच्या अध्यायात त्या दिवसाबद्दल बोलतो: तेव्हा घोड्यांच्या घंटांवरही 'परमेश्वरासाठी पवित्र' असं लिहिलेलं असेल, मंदिरातली साधी पातेली वेदीपुढच्या कटोऱ्यांसारखी होतील, आणि यरुशलेमेतलं, यहूदातलं प्रत्येक पातेलं पवित्र होईल, यज्ञ करणारे येऊन त्यांत अन्न शिजवतील. घरोघरचं पातेलं! संदेष्ट्याला देवाच्या राज्याचं स्वप्न पडलं आणि त्यात त्याला स्वयंपाकाची भांडी दिसली.

पेत्र सगळ्या विश्वासणाऱ्यांना राजकीय याजकगण म्हणतो तो याच धाग्यावर. सीनाय पर्वतापाशी देवाने हे सगळ्या इस्राएलाला सांगितलं होतं, तुम्ही मला याजकराज्य व्हाल. १५२० साली मार्टिन लूथरने जर्मनीत हाच मुद्दा जोराने मांडला. १९६४ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने कॅथलिक सामान्यजनांबद्दल लिहिलं की त्यांची कामं, प्रार्थना, संसार, रोजचे कष्ट, अगदी विश्रांतीसुद्धा, आत्म्यात केली तर आध्यात्मिक यज्ञ होतात. दोन्हीकडच्या मंडळ्यांनी मान्य केलेली गोष्ट आहे ही. तरी महिला मंडळात समर्पित बहीण म्हणून ओळख करून दिली जाते ती बायबल कॉलेजला गेलेल्या बहिणीचीच. त्या बहिणीचा मला आदरच आहे. मला खटकतं ते तुम्ही मागच्या खुर्चीत बसून स्वतःला कमी समजता ते.

एक गोष्ट तुम्ही लिहिली नाहीत, पण ओळींमधून मला जाणवली. लघवीचा आणि फिनेलचा वास अंगाला असताना बायबल हातात घ्यायला तुम्हाला अवघडतं का? असेल तर खरं काय ते सांगते. जुन्या नियमशास्त्रात अशुद्धता होती आणि ती कडक होती. प्रेताला शिवलेला याजक अशुद्ध व्हायचा. तरी लेवीयच्या एकविसाव्या अध्यायात साध्या याजकाला सवलत आहे: आई, बाप, मुलगा, मुलगी, भाऊ, अविवाहित बहीण यांच्यासाठी त्याने अशुद्ध झालेलं चालेल. मुख्य याजकाला मात्र नाही. त्याने आपल्या आईच्या, बापाच्या प्रेताजवळही जायचं नाही. हे वाचलं की लगेच लूकचा सातवा अध्याय उघडा. नाईन गावाच्या वेशीपाशी एका विधवेच्या एकुलत्या एक मुलाची तिरडी चालली आहे. आपला मुख्य याजक, येशू, पुढे जातो आणि तिरडीला हात लावतो. ज्याला सगळ्यांत दूर राहायचं होतं तो सगळ्यांत जवळ गेला. तुमच्या हाताला कसला वास आहे म्हणून तो तुमच्या प्रार्थनेपासून लांब सरकणार नाही.

आता दिरांकडे येते.

याजकांच्या सेवेबद्दल आपण एवढं बोलतो, पण ते सगळे रोज सगळं काम करत नव्हते हे सोयीस्कर विसरतो. पहिल्या इतिहासाच्या चोविसाव्या अध्यायात त्यांचे २४ वर्ग पाडलेले आहेत. पुढच्या काळात एकेका वर्गाची पाळी एक आठवडा असायची, मग दुसरा वर्ग. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचे वडील जखऱ्या अबीयाच्या वर्गातले होते, आणि पाळी आली तेव्हाच ते मंदिरात होते. एरवी ते आपल्या डोंगराळ भागातल्या घरी असायचे. याजकांना मदत करणाऱ्या लेव्यांबद्दल गणना पुस्तकाचा आठवा अध्याय सांगतो की पंचविसाव्या वर्षी सेवेला लागावं आणि पन्नाशीला कष्टाच्या कामातून मोकळं व्हावं, मग भावांना हातभार लावावा. शिवाय अन्नार्पणातली मूठभर वेदीवर जायची, उरलेलं याजकांनी खायचं होतं. वेदीजवळच्या माणसाने उपाशी राहावं असं देवाने कुठे लिहिलेलं नाही.

पाळी हा सेवेचाच भाग होता. एकटीने सगळं ओढणं म्हणजे जास्त समर्पण, हा समज आपल्या बायकांच्या मनात लहानपणापासून भरवलेला आहे. लेवीयमध्ये मला तो सापडत नाही.

म्हणून या रविवारी मिस्टरांना समोर बसवा. आई त्यांची आहे, दोन्ही भावांशी ते बोलतील, तुम्ही नाही. मागणं नेमकं असू द्या: महिन्यातून दोन रविवार एकेका भावाने सकाळपासून रात्रीपर्यंत यायचं, किंवा आईला आपल्याकडे न्यायचं जमत असेल तर न्यायचं, किंवा दिवसातून चार तासांसाठी मदतनीस बाई ठेवायची आणि खर्च तिघांत वाटायचा. 'जमेल तसं बघा' असं म्हणू नका, त्याचं पुढे काही होत नाही. नकार आला तर मंडळीच्या वडीलमंडळींना मध्ये घ्या. ते त्यांचं काम आहे. आणि तुम्हाला झोप हवी आहे. गुडघ्यांवर झोप लागते याची लाज कशाला? १३४ वं स्तोत्र रात्री परमेश्वराच्या घरात उभे राहणाऱ्या सेवकांसाठी आहे. तुम्ही रात्री दोनदा उठून सासूबाईंची कूस बदलता, तेव्हा तुम्ही तिथेच उभ्या असता. मग गुडघ्यांवर पेंगण्यापेक्षा सरळ अंथरुणावर आडव्या व्हा, एकदा प्रभूचं नाव घ्या आणि झोपा.

दीक्षेच्या वेळी अहरोन आणि त्याची मुलं सात दिवस, रात्रंदिवस, दर्शनमंडपाच्या दारात बसून राहिली होती. त्या सात दिवसांत त्यांनी बाहेर जायचं नव्हतं, परमेश्वराने नेमलेला पहारा तेवढा करायचा होता. आजाऱ्याच्या खोलीच्या दारात बसलेल्या प्रत्येक बाईसाठी मला तो भाग वाचावासा वाटतो.

रोजचं काय करायचं, असं तुम्ही थेट विचारलं नाहीत, पण अपेक्षा असणार. नवीन ओझं मी देणार नाही. सकाळी तोंड धुताना उजव्या कानाला ओला हात लावा, मग हाताच्या अंगठ्याला, मग पायाच्या. तीन छोटी वाक्यं मनात म्हणा: आज जे ऐकेन ते तुझं, जे धरेन ते तुझं, जिथे जाईन ते तुझं. याजकाला आत जायच्या आधी प्रत्येक वेळी पितळेच्या गंगाळातल्या पाण्याने हातपाय धुवायचे होते, आणि ते गंगाळ दर्शनमंडपाच्या दारात सेवा करणाऱ्या बायकांच्या आरशांचं केलेलं होतं, असं निर्गमाच्या अडतिसाव्या अध्यायात आहे. त्या बायकांची नावं कुठे नाहीत. सासूबाईंच्या खोलीत शिरण्याआधी तुम्ही हात धुता, बाहेर आल्यावर परत धुता. ती वेळ तुमच्याकडे आहेच, ती त्या बायकांच्या आरशापुढे घालवा.

आणि मुलगी क्लासला निघाली की दारात तिला आशीर्वाद द्या, मोठ्याने. गणना सहाव्या अध्यायातला: परमेश्वर तुला आशीर्वाद देवो आणि तुझं रक्षण करो. हे याजकांचं काम होतं. १९७९ मध्ये यरुशलेमजवळच्या एका थडग्यात चांदीच्या दोन इवल्याशा गुंडाळ्या सापडल्या. सव्वीसशे वर्षांच्या आसपास जुन्या, बहुधा गळ्यात घालायच्या. त्यांवर याच आशीर्वादाचे शब्द कोरलेले निघाले. बायबलमधल्या वचनांचा याहून जुना लेख आजवर हाती आलेला नाही. कुणाच्या तरी गळ्यात तो होता, रोजच्या जगण्यात. बारावीचं पोर आहे, 'मम्मी, पुरे' म्हणेल. तरी द्या.

आता तेलाबद्दल, आणि मग थांबते. निर्गमाच्या तिसाव्या अध्यायात अभिषेकाच्या तेलाची कृती आहे, त्या काळच्या मापांत: ५०० शेकेल गंधरस, २५० दालचिनी, २५० वेखंड, ५०० तज आणि एक हिन जैतुनाचं तेल. लगेच खाली ताकीद आहे की असं तेल स्वतःसाठी करू नका. आजकाल कुठे कुठे अभिषेकाच्या तेलाच्या बाटल्या विकत मिळतात. तुम्हाला कुणी दिली तर पैसे देऊ नका, तुम्हाला तिची गरज नाही. त्यापेक्षा पाळकसाहेबांना आणि वडीलमंडळींना घरी बोलवा. आजाऱ्याला तेल लावून त्याच्यावर प्रार्थना करा, असं याकोबाने आपल्या पत्रात मंडळीच्या वडीलमंडळींना सांगितलंय. सासूबाईंना घरी प्रभुभोजन मिळून किती दिवस झाले तेही विचारा.

आणि लेवीयचा चौदावा अध्याय वाचाल तेव्हा सावकाश वाचा. तिथे कोड बरं झालेला माणूस आहे. गावाबाहेर काढलेला, फाटके कपडे, 'अशुद्ध, अशुद्ध' ओरडत फिरलेला. तो परत घेतला जातो तेव्हा याजक काय करतो? त्याच्या उजव्या कानाच्या पाळीला, उजव्या हाताच्या अंगठ्याला, उजव्या पायाच्या अंगठ्याला रक्त लावतो. अहरोनाला जिथे लावलं तिथेच. आणि मग त्या रक्तावर, त्याच तीन जागी, तेल. मुख्य याजकाची खूण वेशीबाहेरच्या माणसाच्या अंगावर!

तुमच्या पत्रात ती ओळ मध्येच कुठेतरी आली होती, कामांच्या यादीत: उजव्या हातापायाला तेल चोळायचं. सासूबाईंची उजवीच बाजू गेली आहे. तो हात आता काही धरत नाही, तो पाय कुठे जात नाही. तिथे रोज संध्याकाळी तुम्ही तेल लावता. हा विधी आहे असं मी म्हणणार नाही, आणि तुम्हीही तसं समजून करू नका. घरातलं खोबरेल आहे, ते खोबरेलच राहू दे. पण यापुढे अंगठ्यापाशी आलात की घाई करू नका.

अर्धांगात बोलणं गेलेल्या माणसांना कधी कधी गाणं म्हणता येतं, किंवा लहानपणापासून पाठ असलेले शब्द ओठांवर येतात. थेरपीवाल्यांना विचारून बघा, त्यांनाही हे माहीत असेल. सासूबाईंचं आवडतं जुनं गीत कोणतं ते मिस्टरांना ठाऊक असेल, ते तेल चोळताना गुणगुणा. किंवा प्रभूची प्रार्थना सुरू करा. 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' एवढं म्हणा, आणि पुढचं लगेच म्हणू नका. थोडा वेळ गप्प राहा, त्यांच्या तोंडाकडे बघत.

तुमची,
ताई